बोरझरीचं बूथ

कोळशाच्या रस्त्याला लागून वावर असलं की कापूस वेचण्याआधी बोंड झटकावं लागतं. बायनाबाईच्या हाताला त्याची सवय झाली होती. डाव्या हातानं पऱ्हाटीची फांदी धरायची, हिसका द्यायचा, काळी भुकटी खाली सांडली की उजव्या हातानं कापूस ओढून कमरेच्या ओटीत टाकायचा. तरी संध्याकाळी बोटं काळीच. पलीकडच्या ओळीत तिची सून रश्मी होती आणि तिच्या पलीकडं ललिता. हरिदास, बायनाबाईचा नवरा, धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, बसून वेचलेल्या कापसाची गाठोडी बांधत होता. त्याच्या गुडघ्याची वाटी सरकल्यापासून त्याला वाकून काम होत नव्हतं.

रस्त्यावरून राजदीपचा टँकर गेला. राजदीप त्यांचा मुलगा. खाणीतून कोळसा वाहून नेणाऱ्या कंपनीत तो पाण्याचा टँकर चालवायचा. टँकरच्या मागच्या पाईपातून रस्त्यावर पाणी पडायचं, धूळ बसायची आणि थोडा वेळ कापूस कापसासारखा दिसायचा.

टँकरच्या मागून निकेशची मोटारसायकल आली. निकेश गावातलाच पोरगा, पण कंपनीत सुपरवायझर झाल्यापासून पांढरे बूट घालत होता. बूट खराब होऊ नयेत म्हणून तो वावरात उतरला नाही. धुऱ्यावरूनच बोलला.

"उद्या राजुऱ्याले शेठची सभा हाय. बस येईन गावात. सारे या."

"उद्या वेचाई हाय," बायनाबाई म्हणाली.

"वेचाई परवा बी होते, बाई. उद्याची कंपनीच्या गेटवरची हाजरी सभेतच लागणार हाय. ज्याच्या घरचं माणूस गेटवर हाय, त्याच्या घरून बाया पायजे. शेठनं सांगतलं तसं."

शेठ म्हणजे पियुष शेठ, कंपनीचा मालक. यंदा तो आमदारकीला उभा होता. याआधी तो दुसऱ्यांना उभं करायचा. या वेळी स्वतःच.

निकेश ललिताकडं वळला. "ललिताबाई, तुमाले स्टेजवर बसाचं हाय. दोन शब्द बोला. काय बोलाचं ते मी सांगतो."

ललितानं पदरानं तोंड पुसलं. तिथं काळा पट्टा उमटला. "मले बोलता येत नाई," ती म्हणाली.

"येते. सोपं हाय."

ललिताचा नवरा गुलाब याच रस्त्यावर ट्रकखाली गेला होता. तेव्हा शेठच्या ऑफिसातून सांगितलं गेलं की गाडी आपली नव्हतीच. पुढं ललिताला ऑफिसात झाडलोटीचं काम मिळालं. सकाळी झाडलोट, दुपारून बायनाबाईच्या वावरात वेचाई. काम मिळाल्यापासून ती त्या ट्रकबद्दल काही बोलत नव्हती, आणि दुसरं कोणी तिच्यासमोर बोलत नव्हतं.

सभेच्या मैदानावर उन्हात खुर्च्या होत्या. बसमधून उतरल्या उतरल्या डोक्यावर टोप्या आणि हातात पाण्याचं पाऊच दिलं गेलं. हरिदासनं टोपी हातात धरली. निकेशच्या एका पोरानं ती त्याच्या हातातून घेतली आणि त्याच्या डोक्यावर बसवली, लहान मुलाला बसवतात तशी.  मैदानाच्या कडेला राजदीपचा टँकर उभा होता. धूळ उडू नये म्हणून त्यानं पहाटेच मैदान ओलं केलं होतं. खुर्च्यांचे पाय चिखलात रुतत होते.

शेठ आधी बोलला. समोर बसलेले सगळे आपलं कुटुंब आहेत असं त्यानं दोन-तीनदा सांगितलं. मग ललिताला उभं केलं. माईक तिच्या तोंडापेक्षा उंच होता, तो कोणी खाली केला नाही. ती मान वर करून बोलली.

"माहा माणूस गेला. चुकी त्याचीच होती. अंधारात आला, गाडीवाल्याले दिसला नाई. तरी शेठनं मले बहिणीवानी ठेवलं."

टाळ्या पडल्या. बायनाबाईचे हातही वाजले. ते वाजल्यावर तिला कळलं.

गुलाब अंधारात गेला नव्हता. भर दुपारी गेला होता. बायनाबाई वावरातून धावत रस्त्यावर गेली होती, त्याचं डोकं तिनंच मांडीवर घेतलं होतं. तो पाणी मागत होता आणि तिच्याजवळच्या तांब्यात थेंबही उरला नव्हता.

परतताना बसमध्ये ललिता तिच्याजवळ येऊन बसली. बऱ्याच वेळानं तिनं विचारलं, "बरी बोल्ली ना मी?"

"बोल्ली," बायनाबाई म्हणाली.

मतदानाच्या आदल्या दिवशी निकेश घरोघर फिरला. हरिदास अंगणात खाटेवर बसला होता. जुन्या काळी गावात मत कसं द्यायचं, का द्यायचं, बाबासाहेबांनी ते कसं मिळवून दिलं हे सगळ्यांना समजावून सांगणारा हरिदासच होता. तो सहज म्हणाला, "कोण कोणाले देते ते कोणाले दिसत नाई, निकेश."

निकेश हसला. "तुमचं नाव नाई दिसत, भाऊ. गावचं दिसते. बोरझरीच्या बूथवर किती पडले ते समदं समोर येते."

हरिदासनं मान हलवली. निकेश पुढच्या घरी गेला.

शाळेत रांग होती. बायनाबाईच्या बोटाला शाई लावली. ती पुठ्ठ्याच्या आडोशामागं गेली. शेठचं नाव तिला वाचता येत होतं. त्याच्या खाली दुसरं नाव होतं. तो माणूस कोण, ते तिला माहीत नव्हतं, कधी पाहिलाही नव्हता. तिनं त्याच्यासमोरचं बटण दाबलं. मशीन वाजलं. तिला चांगलंही वाटलं नाही आणि भीतीही वाटली नाही. तिथून ती सरळ वावरात गेली आणि अर्धी राहिलेली ओळ पुरी केली.

शेठ निवडून आला. गावात डीजे लावून मिरवणूक निघाली. राजदीप गुलालानं माखून घरी आला, न्हाणीत बसून डोकं धूत राहिला. पाणी बराच वेळ लाल येत होतं. संध्याकाळी बातमी आली की आजूबाजूच्या सगळ्या गावांत शेठ पुढं होता, एका बोरझरीच्या बूथवर तेवढा मागं पडला. थोड्याच मतांनी, पण मागं.

दुसऱ्या दिवशी सकाळी राजदीप ड्युटीवर गेला आणि उन्हं चढायच्या आत परत आला. रश्मीनं बांधून दिलेला डबा तसाच होता.

"काऊन?" तिनं विचारलं.

"रेस्ट देल्ला."

"कोणाकोणाले?"

"बोरझरीवाल्यायले. गेटवर उभे केले अन् म्हणे, बोरझरीवाले बाजूला व्हा. बाकीच्यायले आत घेतलं."

"किती दिवस?"

"नाई सांगतलं."

रश्मीनं डबा उघडला. वांग्याची भाजी ताटात काढली, भाकरी चतकोर करून सगळ्यांना वाढली. थंड भाजी सगळ्यांनी खाल्ली.

टँकर दुसऱ्या रस्त्यावर लावला गेला. बोरझरीच्या रस्त्यावर पाणी पडेनासं झालं. कोळशाचे टिप्पर मात्र पूर्वीसारखेच धावत होते. सकाळी धुकं आणि धूळ एकच होऊन वावरावर बसायची. झटकलं तरी कापूस काळाच निघायचा, दवानं ओली झालेली भुकटी बोंडाला चिकटायची. रश्मीला खोकला लागला. ती तोंडाला ओढणी बांधून वेचायची. पोरांना शाळेत नेणारी कंपनीची गाडीही यायची बंद झाली, पोरं टिप्परच्या कडेकडेनं चालत जायला लागली.

कापसाची गाडी घेऊन हरिदास आणि राजदीप जिनिंगवर गेले. व्यापाऱ्यानं गाठोड्यात कोपरापर्यंत हात घातला, मूठभर कापूस ओढून काढला आणि राजदीपच्या नाकासमोर धरला.

"कापूस इकून राह्यले का कोळसा?"

आजूबाजूचे हसले. व्यापाऱ्यानं गाडी बाजूला लावायला सांगितली. आधी दुसऱ्यांच्या गाड्या झाल्या. दिवस बुडता बुडता त्यानं यांचा माल घेतला, देऊ तो भाव घ्या म्हणाला. हरिदासनं घेतला.

ललिताचं झाडलोटीचं कामही गेलं होतं. झाडू ठेवून जा, एवढंच तिला सांगितलं. आता ती सकाळपासूनच वेचायला यायची. "मी तं स्टेजवरून बोल्ली," ती ओळीत उभ्याउभ्या म्हणाली. "जे सांगतलं ते समदं बोल्ली. मले काऊन काढलं असंन?"

बायनाबाई बोंड झटकत राहिली.

"कोणं असं केलं असंन गावात? अं?" ललितानं पुन्हा विचारलं. ती चिडलेली नव्हती. खरंच विचारत होती.

गावातले पुरुष पुलाच्या कठड्यावर बसून राहत. येणाऱ्या-जाणाऱ्याकडं पाहत. पूर्वी राम राम, जयभीम व्हायचं. आता आधी नजर यायची, मग शब्द. राजदीप तिथं बसत नसे. तो रोज सकाळी कंपनीचा पिवळा शर्ट घालून, हेल्मेट हातात घेऊन गेटसमोरच्या चहाच्या टपरीवर जाऊन उभा राहायचा. एके दिवशी निकेशनं त्याला आत बोलावलं. राजदीप धावत गेला. आत शेठची नवी गाडी उभी होती. तिच्यावरचा मिरवणुकीचा गुलाल अजून पुरता निघाला नव्हता. राजदीपनं ती धुतली, पुसली, चाकांच्या आतले डाग बोटानं काढले. धुऊन झाल्यावर निकेश म्हणाला, "जाय आता. सांगतो मंग."

त्या दिवशी जेवताना राजदीपनं विचारलं, "आपल्या घरून तं समद्यायनं बरोबर देल्लं ना?"

"हो," रश्मी म्हणाली.

"हो," हरिदास म्हणाला.

बायनाबाई तव्यावरची भाकर उलटत होती. "हं," ती म्हणाली. राजदीपनं पुढं विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी धुऱ्यावर हरिदास गाठोडं बांधत होता. बायनाबाईनं ओटी रिकामी केली आणि तिथंच उभी राहिली.

"मी नाई देल्लं त्याले," ती म्हणाली.

हरिदासचे हात थांबले नाहीत. त्यानं फडक्याची दोन टोकं जुळवली, गाठ मारली, दातात धरून ओढली.

"कोणाले सांगतलं?"

"कोणाले नाई."

"मंग नोको सांगू."

"ललिताचं काम गेलं. पोराचं गेलं."

"मनूनच म्हणतो, नोको सांगू."

ती पुन्हा ओळीत गेली.

रविवारी सकाळी समाजमंदिरात बैठक झाली. निकेशसाठी प्लास्टिकची खुर्ची ठेवली होती. बाकीचे सतरंजीवर. बाया भिंतीला टेकून. निकेश शांतपणे बोलला, समजावणीच्या सुरात.

"शेठ गावावर नाराज नाई. गाव त्याचंच हाय. काही लोकायवर नाराज हाय. कोण ते तुमीच सांगा. मले कागद नाई पायजे, सह्या नाई पायजे. तोंडी सांगा. बाकीचे उद्यापासून ड्युटीवर."

 छताचा पंखा हळू फिरत होता. बाहेर टिप्पर गेला तशी खिडकीची काच थरथरली. राजदीप मांडी घालून बसला होता, सतरंजीचा दोरा बोटाला गुंडाळत होता.

हरिदास उठायला लागला. गुडघ्यावर हात दाबून, शेजारच्याच्या खांद्याचा आधार घेऊन उभा राहिला.

"टोलीवाल्यायनं नाई देल्लं," तो म्हणाला.

टोली नाल्यापलीकडं होती. कोलाम आदिवासींची थोडीशी घरं. मतदानाला ते याच बूथवर यायचे. बैठकीला टोलीतलं कोणी नव्हतं, कारण त्यांना कोणी बोलावलंच नव्हतं. टोलीतला एकटा जंगू कंपनीच्या कामावर होता. खाणीच्या मातीच्या ढिगाऱ्यावर कंपनीनं झाडं लावली होती, त्यांची राखण करायचा.

"हो, टोलीच," मागून एकजण म्हणाला.

"त्यायचं काय जाते? गेटवर कोणी नाई त्यायचं."

"एकटा जंगू हाय."

मग बरेच जण एकदम बोलू लागले. आवाजात सुटल्यासारखं काहीतरी होतं. हरिदास अजून उभाच होता. खाली बसायलाही त्याला कोणाचा तरी हात लागणार होता.

बायनाबाई भिंतीपासून सुटून उभी राहिली.

"टोलीचं मले मालूम नाई," ती म्हणाली. "मी नाई देल्लं शेठले. म्या दुसऱ्याले देल्लं. माह्यं सांगतो."

 ललितानं वर पाहिलं आणि तशीच पाहत राहिली. राजदीपनं मान खाली घातली होती, त्याच्या बोटाचं टोक दोऱ्यानं निळं पडलं होतं. निकेशनं राजदीपकडं पाहिलं, मग बायनाबाईकडं.

"बसा, बाई," तो म्हणाला.

"माह्यं नाव सांगा शेठले."

"बसा मनलं ना. तुमच्या पोराशिवाय टँकर नाई चालत. दुसऱ्या ड्रायव्हरनं गिअरबॉक्स खराब करून ठेवला. शेठ माह्यावरच खवळला." कोणीतरी हसलं. निकेशही थोडा हसला. "अन् एका बाईच्या मतानं गाव मागं पडत नाई. बसा."

तिला काय करावं ते कळेना. ती उभीच राहिली. निकेशनं फोन काढला, कानाला लावला आणि उठून दाराकडं जाताना म्हणाला, "हो साहेब. टोली. हो, टोलीच निघाली."

रश्मीनं सासूच्या हाताला धरून तिला खाली बसवलं.

सोमवारी राजदीप ड्युटीवर गेला. ललिता झाडूवर गेली. जाताना ती बायनाबाईच्या दारावरून गेली, पण थांबली नाही. पोरांची गाडी सुरू झाली. दुपारी बोरझरीच्या रस्त्यावर पाणी पडलं. कापूस दोन दिवसांत उजळला. घरात ताटं वाढली जात होती, जेवणं होत होती. हरिदास आणि बायनाबाई एकमेकांशी लागेल तेवढं बोलत होते. मीठ दे. पाणी आण. गाठोडं उचल. राजदीप आईशी वाईट वागला नाही. फक्त तिच्याकडं पाहून बोलायचं त्यानं सोडून दिलं होतं.

टोलीतल्या टाकीत पिण्याचं पाणी भरायला जी फेरी जायची, ती बंद झाली. नाल्याचं पाणी खाणीमुळं काळं पडल्यापासून टोली त्या टाकीवरच होती. ती फेरीही राजदीपच मारायचा. आता तो टोलीच्या वाटेवर न वळता सरळ निघून जायचा. टोलीतल्या बाया गुंड-घागरी घेऊन गावातल्या हातपंपावर यायला लागल्या. त्या आल्या की गावातल्या बाया आपले गुंड आधी भरून घ्यायच्या.

जंगूचं राखणीचं काम गेलं होतं. एका सकाळी तो बायनाबाईच्या वावरात येऊन उभा राहिला. उंच, वाळलेला माणूस. अंगात अजून कंपनीचा राखणदाराचा खाकी शर्ट होता, खिशावरचं नाव उसवून काढलेलं.

"वेचाईले माणूस पायजे का, बायनाबाई?"

"पायजे," ती म्हणाली. ललिता गेल्यापासून ओळी मागं पडल्या होत्या. तिनं त्याला जुनं धोतराचं फडकं दिलं. त्यानं ते कमरेला बांधलं, पण ओटी नीट झाली नाही. तिनं सोडून पुन्हा बांधून दिली.

जंगूला वेचायची सवय नव्हती. झाडं राखणारा माणूस, फांदी हळू धरायचा, बोंडावर जोर लावायचा नाही. दुपारपर्यंत दोघं शेजारच्या ओळींत वेचत राहिले. रश्मी पुढं निघून गेली होती. हरिदास त्या दिवशी वावरात आलाच नव्हता. जंगू वेचाईला लागला हे त्याला घरीच कळलं तेव्हा तो गुडघा दुखतो म्हणाला.

भाकर खायला बसले तेव्हा बायनाबाईनं आपल्या चटणीतली अर्धी त्याच्या भाकरीवर ठेवली आणि म्हणाली, "टोलीचं नाव आमच्या घरून गेलं. राजदीपच्या बापानं सांगतलं."

"मालूम हाय," जंगू म्हणाला. "निकेशनं सांगतलं मले काढतानी."

"शेठले मत म्या नाई देल्लं होतं. म्या तसं बोल्ली बी बैठकीत."

"ते बी सांगतलं त्यानं."

तो खात राहिला. त्याचे दात एका बाजूचेच उरले होते, घास तो त्याच बाजूला फिरवायचा.

"तुमी कोणाले देल्लं होतं?" तिनं विचारलं.

"शेठले. आमी साऱ्यायनं शेठलेच देल्लं. आमाले पाणी देत होता ना तो."

बायनाबाईच्या हातातला घास हातातच राहिला. रस्त्यानं एकामागून एक टिप्पर गेले. जंगूनं भाकरीवर हात आडवा धरला, धूळ बसेपर्यंत तसाच धरून ठेवला, मग काढला.

"हरिदासभाऊले काई म्हणू नोको," तो म्हणाला. "मले कोणी इचारलं नाई, एवढंच. इचारलं असतं तं मीबी कोणाचं तरी नाव सांगतलंच असतं."

त्यानं उरलेला तुकडा तोंडात टाकला, तांब्या उचलून वरून पाणी प्यायला आणि ओटी सावरत आपल्या ओळीत जाऊन उभा राहिला.  बायनाबाईनं भाकरीचं फडकं झटकलं, घडी घातली, आणि तीही उठली.